जाऊ दे म्हणायचं नाही

४ मार्च

आले एकदाची! घर इतकं गोड आहे की मालकिणीच्या तोंडावर कौतुक करायचं नाही असं ठरवलंय, नाहीतर डोक्यावर बसेल. मालकीण म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचं हे फाटकवाल्याचं घर तिने आणि तिच्या नवऱ्याने घेतलं, डागडुजी केली आणि आता सुटीला येणाऱ्यांना भाड्याने देतात. सध्या कुणी येत नाही म्हणून महिनाभर मला फुकट.

दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे ओटा. भिंती जाडजूड, खिडक्या लहान, दारं हिरवी. स्वयंपाकघरात पांढरे कप आकड्यांना ओळीने टांगलेत. ओट्याच्या टोकाला फाटक वर-खाली करायचं लोखंडी चाक आहे आणि पुढे फाटकाचा लाल-पांढरा दांडा रस्त्यावर आडवा. चाक गंजून जाम झालंय, दोन गवंडी त्याला लोंबकळले तरी हललं नाही, मग रंग फासून शोभेला ठेवलं असं मैत्रीण म्हणाली. रूळ केव्हाच उचलून नेले. घरासमोर तेवढे दोन तुकडे फोटो काढणाऱ्यांसाठी सोडलेत, तांबेरलेले, गवतात बुडालेले. घराच्या मागे जुन्या दगडखाणीचा कडा आहे, त्यामुळे येणंजाणं सगळं रूळ ओलांडून, दांड्याच्या कडेने.

मी काम बरोबर आणलंय. पाळीव जनावरांच्या आजारांवरचा ग्रंथ, गाईच्या पोटफुगीपासून पोपटाच्या सर्दीपर्यंत. त्याची प्रुफं तपासायची आहेत. दिसलेली चूक सोडायची नाही हा माझा धंदा, आणि घरच्यांच्या मते माझा रोग.

फोन फक्त खिडकीपाशी लागतो, हे सगळ्यात बरं. दादाचे फोन मी घेत नाही. आत्या, मामी, चुलतबहिणी यांचे घ्यावे लागतात आणि सगळ्यांचं पालुपद एकच, जाऊ दे गं, भाऊच आहे. इथे खिडकीपासून लांब बसलं की काम झालं.

६ मार्च

आज गंमत झाली. गंमतच म्हणायची.

झाडलोटीला पलीकडच्या वस्तीतल्या काकू येतात. कामाला वाघ, पण बोलायला लागल्या की केरसुणी हातातच राहते. आज कप विसळताना त्यांच्या हातून एक फुटला. बिचाऱ्या ओशाळल्या. मी सहज म्हणाले, जाऊ द्या काकू, कपच तर आहे.

बाहेर करकर आवाज झाला. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. मी ओट्यावर जाऊन पाहिलं तर चाक आपोआप फिरत होतं आणि दांडा वर चढत होता, सावकाश, कुणीतरी मन लावून काम करावं तसा. पार आभाळाकडे टोक करून उभा राहिला.

काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली होती. म्हणाल्या, बाई, आधी मला बोला. रागवा. कप भरून मागा. मला हसू आलं, पण त्या खरोखरच रडत होत्या. रागवायला माझी ना कधीच नसते. मी सुरू केलं: डोळे कुठे गहाण ठेवलेत, हात आहेत की लाकडं, नवा कप आणल्याशिवाय उंबरा चढायचा नाही. माझ्या तिसऱ्या वाक्याला दांडा धाडकन खाली आला. काकूंनी डोळे पुसले, माझे आभार मानले आणि रूळ ओलांडून घरी गेल्या. शिव्या खाऊन आभार मानणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

नंतर मी चाकाला दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. तसूभरही हललं नाही.

८ मार्च

काकू खरंच नवा कप घेऊन आल्या. मी खोदून खोदून विचारल्यावर पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

इथला फाटकवाला सरळ माणूस, बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा. एके दुपारी गाडी यायची होती, फाटक पाडलेलं होतं. खाणीचा मुकादम जीप घेऊन अडकला. आधी हॉर्न, मग शिव्या, मग फाटकवाल्याच्या बायकोवरून काहीतरी गलिच्छ. फाटकवाला पहार उचलून त्याच्या अंगावर धावला. आता डोकं फुटतंय हे बघून बायको दारातून ओरडली, अहो, जाऊ द्या!

तिला म्हणायचं होतं, भांडण सोडा. त्याने ऐकलं, जीप जाऊ द्या. बायको म्हणाली म्हणजे काहीतरी विचार करूनच म्हणाली असणार. त्याने पहार टाकली आणि चाक फिरवलं. जीप निसटली. तिच्या मागोमाग शाळेतून येणारी त्यांची मुलगी रुळावर आली. बाबांचं फाटक उघडं म्हणजे लाइन मोकळी, हे तिला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. तिने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही.

फाटकवाला त्या दुःखातच गेला. बाईला सगळी वस्ती समजवायची, जाऊ दे बाई, नशिबात होतं, जाऊ दे. ती ऐकून घ्यायची. मग एक दिवस मुकादमच माफी मागायला आला. बाईने त्याला बसायला दिलं, पाणी दिलं आणि गोड आवाजात म्हणाली, जाऊ दे. तो हलक्या मनाने रुळावर उतरला. त्या वेळी कुठलीही गाडी येणार नव्हती, स्टेशनमास्तर शेवटपर्यंत हेच सांगत राहिला. पण मुकादम गाडीखालीच गेला. पुढे लाइन बंद झाली, बाईही वारली. तरी फाटक तिचंच ऐकतं, असं काकू म्हणाल्या. इथे ज्याला माफी मिळते त्याला ती जाऊ देते. फक्त रुळापर्यंत.

मी ह्यावर हसायला हवं होतं. त्याऐवजी त्या बाईबद्दल मला मनापासून आपुलकी वाटली. लोकांनी तोंडी लावायला ठेवलेला शब्द तिने धार लावून परत केला.

माझी आई शेवटचे चार दिवस माझं नाव घेत होती. दादाने मला कळवलं नाही. मी एका गावाच्या अंतरावर होते, पोचले असते. आई गेल्याचं मला शेजारणीकडून कळलं, तेही सगळं उरकल्यावर. मी तिचा चेहरा पाहिला नाही. आणि हे मी जाऊ द्यायचं, कारण भाऊच आहे.

११ मार्च

एक भटका कुत्रा दोन दिवस ओट्याशी घुटमळत होता. आज दुपारी त्याने माझा बिस्किटांचा पुडा पळवला. मी चप्पल घेऊन मागे धावले. त्याने पुडा तोंडात धरून असं केविलवाणं बघितलं की मला हसू फुटलं आणि सवयीने, अगदी सवयीने, ते दोन शब्द तोंडून गेले.

चाक फिरलं. मी लगेच ओरडले, चोरा, मेल्या, परत ये. पण मी हसत होते ना, त्यात राग नव्हता. दांडा खाली आला नाही.

स्वयंपाकघरातले कप एकमेकांवर वाजायला लागले. आधी हळू. मग भिंत थरथरली, छातीत धडधड भरली आणि ओट्यावरून गरम वाऱ्याचा लोट गेला. दिसलं काहीच नाही. ऊन, गवत आणि दोन रुळांमध्ये कुत्रा. मग कुत्र्याचे दोन भाग झाले.

त्याला पुरताना रुळाकडे लक्ष गेलं. रोज गाड्या जातात त्या रुळांचा माथा कसा आरशासारखा असतो, तसा ह्या दोन गंजक्या तुकड्यांचा झाला आहे. हात लावला तर ऊन नव्हतं तिथेही गरम.

१२ मार्च

ते दोन शब्द मी आता लिहीतसुद्धा नाही.

काकूंनी निरोप पाठवला की त्यांना यायला जमणार नाही. मैत्रिणीला फोन करून मी घर सोडतेय म्हणून सांगायला खिडकीपाशी गेले. फोन हातात घेतला आणि वेगळाच विचार आला. खरं सांगायचं तर तो कालपासून डोक्यात होता. कुत्र्यासाठी खड्डा खणतानाच आला होता.

दादाला बोलवावं.

सगळ्यांना हवं तेच करायचं. त्याला समोर बसवायचं, पाणी द्यायचं, हात हातात घ्यायचा आणि इतकी वर्षं ज्याच्यासाठी सगळे माझ्या मागे लागलेत ते म्हणायचं. आत्या खूश, मामी खूश. माझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही, मी तर माफ केलं! हे लिहिताना मला आनंद होतोय. आई गेल्यापासून इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. आज पोपटाच्या सर्दीची सगळी पानं एका बैठकीत झाली.

फोन लावला. ये म्हटलं. पलीकडे तो लहान मुलासारखा रडला. रडू दे.

१३ मार्च

सकाळी चाकाच्या आसाला ताजं तेल होतं. मी घातलेलं नाही.

खिडकीतली खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली. मी टेबलाशी ठेवली होती. परत नेऊन ठेवली. जेवून उठले तर पुन्हा खिडकीत.

फाटकवाल्याची बायकोही वाट बघते आहे. एकटीने वाट बघण्यापेक्षा बरं, असं स्वतःला सांगतेय.

१४ मार्च

वहिनीचा फोन. दादा दोन रात्री झोपलेला नाही म्हणे. माझ्यासाठी काय न्यावं म्हणून तिला दहादा विचारतोय. मला काय आवडतं तेही आता त्याला आठवत नाही, म्हणून रडतो. उद्या दुपारी पोचेल. वहिनी म्हणाली, जरा सांभाळून बोला हो, त्यांची तब्येत पहिल्यासारखी नाही.

सांभाळूनच बोलणार आहे.

दुपारी कुणी काही न बोलता कप वाजले. मग थांबले. जणू तयारी बघून घेतली.

पाण्याचा तांब्या भरून ठेवायला गेले तर आधीच भरलेला होता.

१५ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

तो आला. रस्त्यावर गाडी उभी करून दांड्याच्या कडेने वाकून आत शिरला. किती म्हातारा झालाय. मला वाटत होतं, ज्याने मला आईचं तोंड पाहू दिलं नाही तो माणूस येईल. आला तो पायरी चढताना गुडघ्याला हात लावणारा दादा. मला बघून म्हणाला, चिमे, वाळलीस. चिमी म्हणणारा आता तो एकटाच उरलाय.

तांब्या मी दिलाच नाही. तो त्याच्याजवळ होता. कुणी सरकवला, मी विचारलं नाही.

त्याने सगळं सांगितलं. वहिनी माहेरी होती. आईने त्याचा हात धरला होता आणि ती मला हाका मारत होती, आणि तो तिला सांगत होता की निघाली आहे, येतेच आहे. फोन दुसऱ्या खोलीत. हात सोडवेना. तिचा जरा डोळा लागू दे, मग उठतो, असं करत करत चार दिवस. आणि ती गेल्यावर फोन उचलून त्याने परत ठेवला. का, तर तुझ्या जिभेला घाबरलो म्हणाला. आपल्या बहिणीला घाबरलो.

माझा राग गेला. शोधला, नव्हता. इतक्या वर्षांचा राग, आणि एवढ्याशा गोष्टीवर गेला, हात सोडवेना ह्या दोन शब्दांवर. मला त्याला जवळ घ्यायचं होतं. आणि ते शब्द माझ्या जिभेवर आले, खोटे नाही, खरे, आपोआप, आणि बाहेर चाक —

नुसतं जिभेवर आलं तरी चाक कुरकुरलं.

तो म्हणाला, चिमे, एकदा म्हण ना. म्हण, मग मी सुखाने जाईन.

मी तोंड उघडलं आणि त्याला शिव्या दिल्या. आजवर कुणाला दिल्या नसतील अशा. आईला खोटं सांगितलंस म्हटलं. नालायक म्हटलं. तुला मरताना तहान लागो आणि पाणी द्यायला कुणी नसो, म्हटलं. त्यात राग हवा होता म्हणून कुठून कुठून गोळा करून आणला, लहानपणचा, पतंगाचा, पाटीचा, मिळेल तिथला. तो एकेक पाऊल मागे होत ओट्यावरून उतरला. रुळावर थांबला! मधोमध थांबून माझ्याकडे बघत राहिला. चालता हो, चालता हो, म्हणून मी किंचाळत होते. दांडा हलला नाही. तो पलीकडे पोचला. जिवंत पोचला.

मग तो दांड्यावर हात टेकून उभा राहिला, डोळे पुसले आणि हसला. लहानपणी मी चावले की हसायचा तसा. आणि म्हणाला —

मला म्हणाला. तेच. चिमे, जा — दोन शब्द. बहीणच आहेस, म्हणाला.

त्याच्या हाताखालून दांडा वर गेला. त्याला वाटलं असेल मी उघडला. हात हलवून गेला.

१६ मार्च

फाटक उघडं आहे.

खिडकीपाशी जाऊन दादाला फोन केला. म्हटलं, माझ्यावर चिडलोय म्हण. मला शिव्या घाल. मी तुझ्या आजारपणात आले नाही, तुझ्या मुलाच्या लग्नात तोंड फिरवून बसले, ते काढ, बोल मला, मोठ्याने बोल. तो म्हणाला, वेडे, ते मी कधीच — आणि पुन्हा तेच म्हणाला. मी ओरडले, नको म्हणूस. तो आणखी गहिवरला. पुन्हा म्हणाला. किती चांगला माणूस आहे माझा भाऊ, त्याला राग आणता येत नाही.

वहिनीला म्हटलं, त्यांना माझ्याविरुद्ध भरवा. ती हसली. म्हणाली, आता भरून काय उपयोग, माणूस विरघळलाय.

बाहेर पाय ठेवायचा नाही. रूळ ओलांडायचेच नाहीत. बसून राहायचं.

१६ मार्च, दुपार

फाटकवाल्याची बायको माझ्यावर रागावली आहे. माझी वाट बघत तेल घातलं, पाणी भरलं, आणि मी त्याला वाचवलं. तिला तिच्यासारखी एक हवी होती.

म्हटलं तिला. मोठ्याने म्हटलं, मी तुमच्यासारखी नाही हो.

कप थांबत नाहीत. एक फुटला, नवा आणलेला.

१७ मार्च

रूळ ओट्याच्या पायरीशी आलेत. काल नव्हते. गवत बाजूला झालंय आणि दोन्ही चकाकतात.

मागच्या दाराने कड्यावरून उतरता येईल का म्हणून दार उघडलं. तिथेही. दोन रेघा, उंबऱ्यापासून थेट कड्याकडे.

म्हणजे घरातूनच —

१८ मार्च

दादाचा फोन. मला न्यायला निघालाय. वहिनीही आहे बरोबर. नको येऊस म्हटलं तर म्हणतो, आता तुझं काही ऐकणार नाही.

तो ह्याच रुळांवरून येणार. माझ्या तोंडून चुकून — मनात जरी आलं तरी चाक —

मनात यायला नको. पण येतंच आहे. सारखं येतंय. तो दिसला की येणारच.

पलंगाखाली फरशी गरम आहे. फरशीत दोन —

१८ मार्च, दुपार

भिंत थरथरतेय. त्याची गाडी अजून दिसत नाही. बरंय. आधी माझं होऊ दे.

दादा, ही वही तुझ्या हाती पडेल. वाचताना इथे थांबू नकोस, परत जा, आणि ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. ऐकतोस ना? आईची शपथ, नाही केलं. माझ्या मनात तुझ्याबद्दल काडीचीही माया नाही. मी तुला कधीही, कधीही माफ करणार ना